एकाच पत्त्यावर

सुयशचं नाव कालिंदीबाईंनी घेतलं आणि घेताना त्या जराही अडखळल्या नाहीत. पुढं सगळं उघडं पडल्यावर त्यांना सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हेच. घाबरून तोंडातून निघून गेलं, असं म्हणायचीही सोय नव्हती. फौजदार समोर खुर्चीत बसलेले, त्यांच्या हातात कालिंदीबाईंनीच दिलेला सरबताचा पेला, आणि बाईंनी अगदी शांतपणे, मान किंचित पुढं करून, छताकडं बोट दाखवलं होतं.

पुंडलिकनगरात त्यांचं दोन मजली घर. अनंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा वरचा मजला चढवला आणि तो भाड्यानं दिला. खाली नवरा-बायको आणि मुलगा अमेय. अमेयनं तिशी ओलांडलेली, चिकलठाण्याकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, निम्मा आठवडा घरूनच काम. वर रत्नमाला आणि तिचा मुलगा सुयश. रत्नमाला सरकारी दवाखान्यात परिचारिका, म्हणून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. नवरा सुयश लहान असतानाच गेलेला. पोराला तिनं एकटीनं वाढवलं. तो आता विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होता.

सिस्टर खोल्या बघायला आल्या त्या दिवशी अनंतरावांनी आडनाव विचारलं होतं. आडनाव ऐकून ते जरा घुटमळले. तेव्हा कालिंदीबाईच म्हणाल्या होत्या, "द्या हो. बाई नोकरदार आहे, मुलगा शिकतोय. आपण काय त्या काळातली माणसं आहोत का?" ही गोष्ट त्यांनी नंतर किती जणांना सांगितली असेल याला गणती नाही. नणंदेला सांगितली, पुण्याच्या भावाला सांगितली, भिशीच्या बायकांना सांगितली. "त्यांच्याकडं बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, आमच्याकडं देवघर आहे. कपबशीसुद्धा वेगळी ठेवलेली नाही मी," असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना स्वतःवरच खूश व्हायच्या.

आणि घरोबा खोटा नव्हता. सिस्टर ड्यूटीवरून आल्या की खाली डोकावून कालिंदीबाईंचं ब्लडप्रेशर बघायच्या. नळाला पाणी यायचा दिवस असला की सुयश मोटर लावायचा, दोन्ही टाक्या भरेपर्यंत गच्चीवर उभा राहायचा. अमेय पुण्याला नोकरीला होता तेव्हा त्याच्याशी मोबाईलवर समोरासमोर कसं बोलायचं ते कालिंदीबाईंना सुयशनंच शिकवलं होतं. त्यांना तो आजी म्हणायचा.

लॉकडाऊनमध्ये अमेय घरी परतला तेव्हा त्यानं इंटरनेटची लाइन घेतली. राउटरचा तो पांढरा डबा मधल्या बोळात, जिन्याच्या तोंडाशी, भिंतीवर उंच ठोकला. तिथून रेंज वरपर्यंत जायची. सुयशचं कॉलेज तेव्हा मोबाईलवर चाललेलं, डाटा पुरायचा नाही. अमेयनं आपण होऊन पासवर्ड दिला होता. तेव्हापासून एका लाइनवर दोन्ही मजले चालत आले. अमेयचा कंपनीनं दिलेला लॅपटॉप, सगळ्यांचे मोबाईल, वर सुयशचा लॅपटॉप, आणि मधल्या खोलीत अनंतरावांचा जुना कॉम्प्युटर. त्या जुन्याला वायफाय पकडायचं कसब नव्हतं म्हणून अमेयनं त्याला मागं अंगठ्याएवढं डोंगल खोचून दिलं होतं. अनंतराव त्यावर पंचांग आणि वर्तमानपत्र बघायचे. अलीकडं तेही मोबाईलवर बघू लागले होते, त्यामुळं त्या कॉम्प्युटरवर बहुधा कापड झाकलेलं असायचं.

दिवाळीनंतर अमेयसाठी एक मुलगी बघितली. मनस्विनी. त्याच्याच ऑफिसातली, त्यानंच सुचवलेली. घरचे जाऊन आले, पोहे झाले, दोन्हीकडच्या ओळखी निघाल्या. कालिंदीबाईंनी तर मनातल्या मनात साड्याही काढून ठेवल्या. आणि काही दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला की मुलीचा विचार नाही. कारण सांगितलं नाही.

अमेय त्यानंतर गप्प झाला. जेवणाचं ताट खोलीत मागायला लागला. कालिंदीबाईंना ते बघवेना, आणि बघवेना म्हणून त्या बोलायला लागल्या. पोळ्या लाटता लाटता, भाजी निवडता निवडता, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "फार हुशार समजते स्वतःला. समजू दे. म्हातारपणी एकटीच आपला कप विसळत बसेल, तेव्हा कळेल." मुलाची बाजू घेतल्यासारखं वाटायचं त्यांना. अमेय काही बोलायचा नाही, पण ऐकायचा.

मार्चमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी फौजदार आले. सर्जेराव त्यांचं नाव. साध्या कपड्यांत, मोटारसायकलवर, गल्लीत बोभाटा होऊ नये अशा बेतानं. अमेय ऑफिसातून यायचा होता. अनंतरावांनी त्यांना आत घेतलं.

सर्जेराव म्हणाले, "एका मुलीची तक्रार आहे. खोट्या नावानं तिला कुणीतरी घाण मेसेज पाठवतंय. तिच्या ओळखीच्या लोकांनाही तिच्याबद्दल काहीबाही लिहितंय. महिना होत आला. आम्ही माग काढला तर लाइन निघाली ती तुमच्या नावावरची."

अनंतराव घाईघाईनं म्हणाले, "साहेब, माझं वय बघा. मी असं कशाला करू?"

"तुम्ही केलं असं म्हणत नाही मी. घरात कितीही कॉम्प्युटर असू द्यात, सगळ्यांना वायफाय एकच असलं की बाहेरून पत्ता एकच दिसतो. आत कोण बसलंय ते तिकडून दिसत नाही. म्हणून विचारायला आलो. ही लाइन कोण कोण वापरतं?"

इथं कालिंदीबाई पुढं झाल्या. आम्ही दोघं, मुलगा आणि वरचे भाडेकरू, असं त्यांनी सांगितलं. मुलाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्याला हो कुठला वेळ? ऑफिसच्या कामातून मान वर करत नाही तो." मग त्यांचं बोट छताकडं गेलं. "वरचा मुलगा मात्र दिवसरात्र लॅपटॉपवर असतो. आई ड्यूटीवर, घरात दुसरं कुणी नाही. काय करत बसतो, देव जाणे."

काय करत बसतो ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्याचा अभ्यास चालायचा. परीक्षेच्या आधी त्यांच्याकडूनच तो दही-साखर खाऊन जायचा.

सर्जेराव वर गेले. आवाज चढला नाही, काही नाही. थोड्या वेळानं ते खाली आले आणि अनंतरावांना म्हणाले, "पोराला उद्या लॅपटॉप-मोबाईल घेऊन यायला सांगितलंय. तोवर बाहेर कुठं बोलू नका. नुसती चौकशी आहे." आणि गेले.

अमेय आला तेव्हा नवरा-बायकोनं ठरवलं, त्याला काही सांगायचं नाही. आधीच बिचारा खचलेला आहे, त्यात पोलीस-बिलीस ऐकून आणखी डोक्याला ताप नको. वरचं वर निस्तरेल.

पण कालिंदीबाईंच्या पोटात ते राहिलं नाही. सकाळी बद्रीनाथच्या दुकानात साबुदाणा आणायला गेल्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडं काल पोलीस आले होते. वरच्या मुलासाठी. कुणा मुलीला मेसेज पाठवतो म्हणे." बद्रीनाथचा तराजूवरचा हात थांबला. "बाप रे! दिसतो तर गरीब गाय. काकू, मी तर म्हणतो, असल्यांना ठेवूच नये. आपण चांगुलपणा करायला जातो, अन् मग असं व्हतं." दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. कालिंदीबाईंनी सुस्कारा सोडला. "काय करता, माणूस ओळखता येत नाही." घरी येताना त्यांना बरं वाटत होतं. वाईट बातमी सांगून झाल्यावर जसं वाटतं तसं.

सुयश निघाला तेव्हा त्या दारातच तुळशीला पाणी घालत होत्या. त्याच्या पाठीला लॅपटॉपची सॅक, मागं सिस्टर. सिस्टरनी सुटी टाकली होती. त्या काही न बोलता स्कूटर काढायला गेल्या. सुयश जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला. रात्रभर झोपला नसावा, डोळे तांबारलेले.

"आजी, तुम्ही सांगा ना त्या साहेबांना. मी असं करीन का?"

"अरे, विचारतील आणि सोडून देतील," कालिंदीबाई म्हणाल्या. "काही केलं नसशील तर भ्यायचं कशाला?"

तो त्यांच्याकडं बघतच राहिला. मग "व्हय" एवढंच म्हणाला आणि निघाला.

शनिवार होता. अनंतराव मित्रांबरोबर खुलताबादला भद्रा मारुतीला गेलेले. अमेयचं काम घरून होतं. दुपारी जेवायची वेळ टळून गेली तरी तो बाहेर येईना म्हणून कालिंदीबाई ताट घेऊन त्याच्या खोलीकडं निघाल्या, तर तो खोलीत नव्हता. मधल्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरपुढं बसला होता. वरचं कापड काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं. आईची चाहूल लागताच त्यानं स्क्रीन बंद केली.

"इथं कशाला रे? तुझा लॅपटॉप काय झाला?"

"तो चार्जिंगला लावलाय."

ताट ठेवून त्या परत फिरल्या. लॅपटॉप त्याच्या खोलीत चालूच होता, पंख्याची घरघर येत होती. कानांनी ते ऐकलं, पण मनानं तिकडं लक्ष दिलं नाही.

चारच्या सुमारास सर्जेराव पुन्हा आले. या वेळी सोबत एक महिला शिपाई होती आणि गाडी दाराशी उभी होती. कालिंदीबाईंना वाटलं, सुयशनं कबूल केलं. "साहेब, मान्य केलं का त्यानं?" असं त्यांनी विचारलंसुद्धा.

सर्जेरावांनी खुर्ची घेतली नाही. "काकू, तो मुलगा सकाळपासून आमच्यासमोर बसलाय. त्याचा लॅपटॉप आणि मोबाईल दोन्ही माझ्या टेबलावर आहेत. आणि दुपारी त्या मुलीला आणखी एक मेसेज आला. त्याच खोट्या नावानं. ती घाबरून तशीच रिक्षा करून ठाण्यात आली, मोबाईल दाखवायला."

आवाज ऐकून अमेय बाहेर आला होता. तो बोळाच्या दारात उभा राहिला, बरोबर राउटरच्या खाली.

"काय लिहिलंय?" कालिंदीबाईंनी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. बहुधा गप्प बसवेना म्हणून.

सर्जेरावांनी मोबाईल काढला आणि वाचलं, "'फार हुशार समजतेस ना स्वतःला. समज. म्हातारपणी एकटीच आपला कप विसळत बसशील, तेव्हा कळेल.' पुढचं तुमच्यासमोर वाचण्यासारखं नाही."

कालिंदीबाईंना आधी कळलंच नाही की आपल्याला काय होतंय. ते वाक्य फौजदाराच्या तोंडून, परक्या माणसाच्या कोरड्या आवाजात आलं होतं, पण होतं कालिंदीबाईंचंच. शब्दन् शब्द त्यांचा. त्यांनी ते ओट्यापाशी उभं राहून, पोळी उलटताना, कितीदा म्हटलं होतं. मुलीचं नाव सर्जेरावांनी अजून घेतलं नव्हतं, पण आता ते घ्यायची गरजही उरली नव्हती.

त्यांनी अमेयकडं बघितलं. तो त्यांच्याकडं बघत नव्हता.

"दुपारी घरात कोण कोण होतं?" सर्जेरावांनी विचारलं.

उत्तर अमेयनं दिलं. आवाज अगदी ऑफिसात बोलतात तसा, समजूतदार. "सर, त्यात काय आहे, आमच्या वायफायचा पासवर्ड गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. आईला कुणी विचारलं की ती देऊन टाकते. शेजारची पोरं कट्ट्यावर बसून वापरतात. कुणीही असू शकतं." आणि मग तो आईकडं वळला. "हो ना गं, आई?"

सगळे कालिंदीबाईंकडं बघायला लागले. महिला शिपाईसुद्धा. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. गल्लीतल्या पोरांची चौकशी सुरू झाली असती, प्रकरण फाटे फुटून पसरलं असतं, कदाचित विरूनही गेलं असतं. कालिंदीबाईंची मान खरंच हलायला निघाली होती. पण त्यांना आठवलं की कालही असंच झालं होतं. कालही याच खोलीत याच माणसानं विचारलं होतं आणि आपण क्षणाचाही विचार न करता दुसऱ्याच्या पोराला पुढं केलं होतं. आज पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला.

"पासवर्ड मला पाठसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की सर्जेरावांना पुढं वाकावं लागलं. "मी कुणालाच दिला नाही. वरच्यांना दिला तो ह्यानंच. दुपारी आम्ही दोघंच होतो घरात. हा मधल्या खोलीत त्या जुन्या कॉम्प्युटरवर बसला होता. मी ताट घेऊन गेले तर ह्यानं स्क्रीन बंद केली."

"आई!" अमेय ओरडला. लहानपणी पडल्यावर ओरडायचा तसा.

त्याचा कंपनीचा लॅपटॉप, मोबाईल आणि तो जुना कॉम्प्युटर, सगळं त्यांनी गाडीत घातलं. कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीचं लक्ष असतं, म्हणून हा उद्योग जुन्यावर चालायचा, हे नंतर कळलं. गाडीत बसताना अमेयनं मान खाली घातली होती. समोरच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बायका उभ्या राहून बघत होत्या. कालिंदीबाईंना पदरानं तोंड झाकावंसं वाटलं आणि ते वाटल्याचीही लाज वाटली. सकाळी सिस्टर आणि सुयश याच दारातून निघाले होते. तेव्हाही कुणी बघत असेलच.

अनंतराव दिवेलागणीला परतले, हातात प्रसादाचा नारळ. सगळं ऐकून ते नारळ मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "तुला बोलायची काय गरज होती? त्यांनी काढलं असतं शोधून. आईनं स्वतःच्या तोंडानं..."

"काल मी स्वतःच्या तोंडानंच बोलले होते," कालिंदीबाई म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही मला अडवलं नाही."

अनंतरावांनी नारळ उचलून देवघरात नेऊन ठेवला.

सुयश आणि सिस्टर आले तेव्हा त्या दारामागं उभ्या होत्या. पावलं जिना चढून गेली. दार उघडून बाहेर जावं, असं खूप वाटलं. हात कडीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर गेल्या. सिस्टर गॅसजवळ होत्या. सुयश आतल्या खोलीत, दार लोटलेलं. सिस्टरनी त्यांना बसा म्हटलं नाही, पण खुर्चीवरचे कपडे उचलून बाजूला ठेवले. कालिंदीबाई उभ्याच राहिल्या. काय काय बोलायचं ते रात्री त्यांनी ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"सिस्टर, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "फार मोठी चूक झाली. मला माफ करा."

सिस्टरनी गॅस बंद केला. "काकू, त्या साहेबांनी सुयशला मारलं नाय, शिवी दिली नाय. चहा पाजला. मी खोटं बोलणार नाय. पण दिवसभर तो त्या बाकड्यावर बसला होता अन् येणारा-जाणारा त्याच्याकडं बघत होता. मी सुद्धा बघत होते. एकदा तर माझ्या मनात आलं की बाई, खरंच केलं असंल का यानं? माझ्या पोटच्या पोरावर माझा संशय गेला. ते मी कसं विसरू?"

कालिंदीबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिस्टर बघत होत्या, पण जवळ आल्या नाहीत.

"रडू नका. बीपी वाढतंय तुमचं. मला एकच सांगा. खाली तुमचा मुलगा, वर माझा मुलगा. दोघं तेच वायफाय वापरत्यात. तुमच्या तोंडात पहिलं नाव आमचंच का आलं?"

कालिंदीबाईंना उत्तर माहीत होतं. सिस्टरनाही माहीत होतं. आईला आपला मुलगा प्यारा असतो, असं काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. पण ते पुरतं खरं नव्हतं. कारण समजा वर दुसरं कुणी राहत असतं, त्यांच्या नात्यागोत्यातलं, तर त्यांचं बोट इतक्या सहज वर गेलं असतं का? नसतं गेलं. निदान त्या थोड्या थांबल्या असत्या. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा टेंभा मिरवला, ती आपल्यात नव्हतीच. वेगळी कपबशी ठेवली नाही, एवढंच काय ते.

"मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"येतंय," सिस्टर म्हणाल्या. "पण राहू द्या. काल येताना मी बद्रीनाथकडं दूध घ्यायला थांबले होते. त्यानं पिशवी माझ्या हातात नाय दिली, काउंटरवर सरकवली. त्याला कुणी सांगितलं?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. सुयश बाहेर आला, माठातलं पाणी प्यायला, आणि कालिंदीबाईंकडं न बघता परत आत गेला. आजी म्हणाला नाही.

कालिंदीबाई तिथून उतरल्या त्या घरात गेल्याच नाहीत, तशाच दुकानात गेल्या. रविवारची गर्दी होती. बद्रीनाथ म्हणाला, "या काकू, काय देऊ?"

"काही नको. मी काल सांगितलं ते खोटं होतं." एकदा घसा खाकरून त्यांनी पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सुयशनं काहीही केलेलं नाही. मेसेज अमेय पाठवत होता. माझा अमेय. पोलीस त्याला घेऊन गेले. मी उगाच त्या पोराचं नाव घेतलं."

मग बद्रीनाथ काउंटरवर झुकला आणि मायेनं म्हणाला, "जाऊ द्या काकू. तरणी पोरं असत्यात, होतं कधी कधी. लग्न मोडलं का डोकं फिरतं. चांगल्या घरचा पोरगा हाय, त्याला काही नाय होत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

कालिंदीबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. काल हाच माणूस म्हणाला होता, असल्यांना ठेवूच नये. आज गुन्हा तोच होता, फक्त पोरगा बदलला होता. आणि कालचं ते बोलणं त्यांना तेव्हा मुळीच खटकलं नव्हतं. "त्यानं त्या मुलीला महिनाभर छळलंय," त्या म्हणाल्या. "होतं कधी कधी असं म्हणू नका." त्यांचा आवाज फाटला. एका बाईनं त्यांना बसायला स्टूल दिलं, पण त्या बसल्या नाहीत.

अमेय जामिनावर सुटून आला. कंपनीनं त्याला घरी बसवलं. दिवसभर तो आपल्या खोलीत असायचा. एकदाच आईशी बोलला. "तूच म्हणायचीस सगळं," एवढं म्हणाला. कालिंदीबाईंनी ते नाकारलं नाही. "म्हणायचे," त्या म्हणाल्या. "मी घरात म्हणायचे, तू तिच्या दारात नेऊन टाकलंस. दोघांचंही चुकलं. पण तिच्यापुढं जाब तुला द्यावा लागणार." अनंतराव मनस्विनीच्या वडिलांना भेटून तक्रार मागं घ्या म्हणून सांगायला निघाले, तेव्हा कालिंदीबाईंनी सोबत जायला नकार दिला. अनंतराव एकटेच गेले. त्या लोकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. केस चालू राहिली.

उन्हाळ्यातच सिस्टरनी खोल्या सोडल्या. आगाऊ कळवलं होतं, भांडण नाही, तंडण नाही. टेम्पो भरताना कालिंदीबाई दाराशी उभ्या होत्या. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो कापडात गुंडाळून सिस्टरनी स्वतःच्या हातात घेतला होता. निघताना त्या थांबल्या. "गोळी वेळेवर घेत जा," एवढंच म्हणाल्या, परिचारिकेनं कुठल्याही पेशंटला म्हणावं तसं. सुयश टेम्पोत पुढं ड्रायव्हरजवळ बसला होता. तो समोर रस्त्याकडं बघत होता. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी त्यानं मागं बघितलं नाही.

वरच्या खोल्या बघायला पहिलं आलं ते अजिंठ्याकडचं एक नवीन जोडपं. नवरा बँकेत लागलेला, बायको घरून शिकवण्या घेणार. सगळं त्यांना पसंत पडलं. नवऱ्यानं विचारलं, "काका, वायफाय तुमचंच चालेल का? वेगळी लाइन कशाला घ्यायची!"

"हो हो, चालेल की," अनंतराव म्हणाले. "वरपर्यंत रेंज छान येते."

बायको खिडकीतून डोकावून परत आली. "आधीचे कोण होते? का सोडून गेले?"

"त्यांची बदली झाली," अनंतराव चटकन म्हणाले.

कालिंदीबाई पाण्याचे पेले घेऊन दारात आल्या होत्या. तबक टीपॉयवर ठेवून त्या म्हणाल्या, "बदली नाही झाली. एक सिस्टर होत्या, त्यांचा मुलगा होता. फार चांगली माणसं. आमच्या मुलानं वायफायवरून एका मुलीला त्रास दिला आणि मी त्यांच्या मुलाचं नाव पोलिसांना सांगितलं. म्हणून ते गेले."

जोडप्यानं एकमेकांकडं बघितलं. बायकोनं पाण्याचा पेला उचलला होता, तो तिनं न पिताच खाली ठेवला. जरा वेळानं नवरा उठला, "कळवतो काका" म्हणाला आणि दोघं गेले. त्यांचा फोन यायचा नाही, हे तिघांनाही कळत होतं. तिघांना, कारण अमेयच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

"असं सगळ्यांना सांगत बसलीस तर वर कुणी राहायला येणार नाही," अनंतराव म्हणाले. रागानं नाही, थकून.

"न येऊ देत," कालिंदीबाई म्हणाल्या आणि वरच्या दाराला कुलूप घालायला जिना चढू लागल्या. खरं बोलल्यावर थोडं तरी हलकं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. मधल्या पायरीवर दम लागून त्या थांबल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या. हलकं काही वाटत नव्हतं.